मुलगा वाढतो आहे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही गिरणी कामगारांच्या देण्यांविषयी, घरांविषयी, नाही तर चळवळीविषयी बोलतो. यंदा चिटणीस म्हणाले, "या वर्षी तुमच्या मुलाविषयी बोला." आम्ही दोन दिवस विचार केला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणायची, असे आधी वाटले. मग लक्षात आले की ती चव्हाट्यावरच आहे. आमचा धाकटा मुलगा गॅलरीत येरझाऱ्या घालतो, कानांवर हात ठेवून ओरडतो, नळ सोडून पाण्याकडे बघत राहतो, हे सगळी चाळ रोज बघते. हे काय आहे असे कोणी विचारत नाही आणि आम्हीही आपण होऊन सांगत नाही. तर आज सांगतो.

आम्ही डॉक्टर नाही. शाळा नववीपर्यंत झाली. ब्याऐंशीच्या संपात वडिलांची नोकरी गेली, आणि १९८८ साली आम्ही दुसऱ्या गिरणीत बदली म्हणून लागलो. पुढचे शिक्षण युनियनच्या ऑफिसात आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा बोलण्यात काही कमी-जास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

मुलगा २००८ साली झाला. थोरली मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. दीड वर्षाचा झाला तरी तो हाकेला मान वळवीत नसे. हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसे. आमचा हात धरायचा आणि तोच बरणीवर नेऊन ठेवायचा. 'बाबा', 'पाणी' असे दोन-तीन शब्द आले होते, तेही गेले. डब्याचे झाकण जमिनीवर गरगर फिरवीत तासन् तास बसायचा. जुनी माणसे म्हणाली, "मुलगे उशिराच बोलतात. याचा आजोबाही उशिराच बोलला." आम्हालाही ते ऐकायला बरे वाटले, आणि त्या बरे वाटण्यात एक वर्ष गेले.

मग वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत कान तपासून घेतले. कान उत्तम होते. तेथून महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात फेऱ्या सुरू झाल्या. शेवटी २०११ साली तिथल्या डॉक्टर मॅडमनी समोर बसवून सांगितले, "याला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात." आम्ही विचारले, "औषध किती दिवस घ्यायचं?" त्या म्हणाल्या, "हे बरं करणारं औषध नाही. याला शिकवावं लागेल, रोज."

बांधवांनो, स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे, आणि संसर्गाने होणारा रोगही नव्हे. मेंदूची घडणच वेगळी झालेली असते. बोलणे, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखणे, लोकांत मिसळणे अवघड जाते. रोजच्या क्रमात बदल झाला की जीव घाबरा होतो. आवाज, उजेड, स्पर्श कोणाला फार जाणवतात, कोणाला अगदी कमी. एक मूल दुसऱ्यासारखे नसते. कोणी घडाघडा बोलते, कोणी जन्मभर बोलत नाही. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अशा अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज आहे की जगात दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न आहे. आता हिशेब करा. जिथे बाराशे-तेराशे माणसे राहतात, तिथे अशी दहा माणसे असायला हवीत. आपल्याला एक आमचाच दिसतो. मग बाकीचे कुठे आहेत? बाकीचे दाराआड आहेत.

'स्वमग्न' हे नाव मात्र आम्हाला पुरते पटत नाही. तो स्वतःतच मग्न आहे, त्याला कोणाचे काही नाही, असा त्याचा अर्थ निघतो. आमच्या मुलाला आईच्या पावलांचा आवाज जिन्यावरून कळतो. ती आजारी पडली की तो जेवत नाही. त्याला माणसे हवी असतात, पण आपल्या रीतीने हवी असतात.

पहिल्या दिवसापासून प्रश्न आला, दोष कोणाचा? शेजारी म्हणाले, "आई कामाला जायची, म्हणून असं झालं." हे फक्त आपल्याच चाळीत म्हणतात असे नाही. अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टरही एके काळी म्हणत की आईची माया थंड असते म्हणून मूल असे होते. बर्नार्ड रिमलँड नावाचे मानसशास्त्रज्ञ नौदलात नोकरीला होते. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी अभ्यास करून १९६४ साली पुस्तक लिहिले आणि आईवरचा तो आरोप खोडून काढला. पुढे १९९८ साली इंग्लंडमध्ये एका डॉक्टरने लसीमुळे स्वमग्नता येते अशा अर्थाचा लेख छापला. तो खोटा ठरला आणि २०१० साली त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. तेव्हा आया-बहिणींनो, या भीतीने बाळाची लस चुकवू नका, आणि या कारणाने कोणा आईकडे बोट दाखवू नका.

दुसरे बोलणे यायचे, "मागच्या जन्मीचं पाप असेल." याचे आम्हाला फार वाईट वाटले, कारण म्हणणारी आपलीच माणसे होती. मागच्या जन्मीच्या पापाचे फळ म्हणूनच तर आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते. ज्या विचाराने आपल्यावर घाव घातला, तोच आपण एका लेकराच्या कपाळी लावायचा काय?

येथे आमचीही एक चूक कबूल करतो. एकदा रातपाळीहून आलो तर मुलाच्या दंडाला काळा दोरा दिसला. त्याच्या आईने कोणाच्या तरी सांगण्यावरून बांधला होता. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेले, सभांतून अंधश्रद्धेवर बोलणारे. दोरा तोडला आणि सगळी चाळ ऐकेल असे तिच्यावर ओरडलो. ती एवढेच म्हणाली, "तुम्ही आठ तास गिरणीत असता. मी चोवीस तास याच्याजवळ असते. मला कोणीतरी काहीतरी करा म्हणालं, म्हणून केलं." दोरा खोटा होता, हे आम्ही आजही म्हणतो. पण तो तिने श्रद्धेपोटी बांधला नव्हता. तिच्यासोबत कोणी नव्हते म्हणून बांधला होता. अंधश्रद्धा घालवायची असेल तर नुसता दोरा तोडून भागत नाही. त्या बाईच्या शेजारी जाऊन बसावे लागते.

आणि बुवा काही भगव्या कपड्यांतच असतो असे नाही. कोट घातलेले बुवाही आम्ही पाहिले. एका ठिकाणी आम्हाला सांगितले की स्टेम सेलची सुया-इंजेक्शने घ्या, पोरगा बोलायला लागेल. खर्च लाखांत. आम्ही गावचा जमिनीचा तुकडा विकायला निघालो होतो. रुग्णालयातल्या मॅडमनी वेळीच थांबवले. पुढे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही स्पष्ट केले की स्वमग्नतेवर स्टेम सेलच्या उपचाराची शिफारस करता येत नाही. तेव्हा जो कोणी हमखास बरे करतो म्हणेल, त्याच्या दारातून परत फिरा.

मग आम्ही काय केले? शिकवले. आणि शिकवण्याची किल्ली आम्हाला गिरणीत सापडली.

आम्ही साचेखात्यात होतो. शेकडो साचे एकदम चालू असले की शेजारच्याने कानाशी ओरडले तरी ऐकू येत नाही. आम्ही बोटांनी, भुवयांनी, ओठांनी बोलायचो. जॉबर आला, सूत तुटले, चहाला चल, घरी तार आली आहे, हे सगळे खुणांनी चालायचे. कित्येक वर्षे आम्ही रोज आठ तास मुकेच होतो, पण आम्हाला कोणी मतिमंद म्हटले नाही. रुग्णालयातल्या बाईंनी जेव्हा सांगितले की बोलता येत नसेल तर चित्रांनी बोलायला शिकवा, तेव्हा आम्हाला ते लगेच समजले. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापले, त्यांवर पाणी, जेवण, संडास, बाहेर जाणे अशी चित्रे चिकटवली. पाण्याचे चित्र आमच्या हातात दिले की पाणी मिळेल, असा नियम केला. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी त्याने ते चित्र आणून आमच्या हातात ठेवले. त्याचे आमच्याशी ते पहिले बोलणे. आम्ही पाणी दिले आणि मोरीत जाऊन तोंड धुतले, म्हणजे डोळे कोणाला दिसू नयेत. चित्रे दिली तर पोरगा बोलायचाच नाही, असे लोक म्हणाले. तसे होत नाही. आज त्याच्याकडे चाळीसेक शब्द आहेत.

शाळेने मात्र दमवले. एका शाळेने पंधरा दिवसांत दाखला हातात दिला, दुसरीने फॉर्मच दिला नाही. अखेर विशेष मुलांच्या शाळेत जागा मिळाली. तिथल्या बाईंनी त्याला बटण लावण्यापासून दहापर्यंत मोजण्यापर्यंत शिकवले.

दिवसाचा क्रमही भिंतीवर चित्रांनी लावला. गिरणीची पाळी आणि याचा दिवस सारखाच, घड्याळावर चालणारा. दुसरी पाळी असली की पावणेतीनला तो डबा आणून आमच्या हातात द्यायचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि आमची गिरणी थांबली, ती पुन्हा चालू झालीच नाही. आम्ही घरात बसलो, पण याचे पावणेतीन चुकले नाहीत. तो डबा आणून द्यायचा. आम्ही उठलो नाही की दाराशी उभा राहून स्वतःचे मनगट चावायचा. मग आम्ही डबा घ्यायचो, जिना उतरायचो, खाली पायरीवर पाच मिनिटे बसायचो आणि वर यायचो. लोक हसले. त्यांना काय सांगणार? नोकरी गेल्याचे आम्हाला दुःख होते. त्याला तर ती गेल्याचे कळायला शब्दही नव्हते. चार महिने लागले. रोज डब्याच्या चित्राच्या जागी दुसरे चित्र लावीत लावीत ते सुटले. आता त्या वेळी तो आमच्याबरोबर कपड्यांच्या घड्या घालतो.

येथपर्यंत लहानपण झाले. आता जे बोलायला उभा राहिलो ते सांगतो. आज तो सतरा वर्षांचा आहे. आमच्यापेक्षा चार बोटे उंच आहे. मिसरूड फुटले, आवाज फुटला.

गिरणीतून आम्ही कधी मऊ कापडाचे तुकडे आणायचो. ते बोटांत धरून चोळीत बसायला त्याला फार आवडायचे. त्यातूनच बायकांच्या साडीचा पदर धरायची सवय लागली. पाच वर्षांचा असताना पदर धरला की आत्या-मावश्या हसायच्या, गालगुच्चा घ्यायच्या. आम्हीही हसायचो. २०२३ साली तो पंधरा वर्षांचा होता. आईबरोबर स्टेशनच्या पुलावरून येताना पुढे चाललेल्या एका मुलीची ओढणी त्याने दोन बोटांत धरली आणि चोळू लागला. मुलगी किंचाळली. गर्दी जमली. तो घाबरला की हसतो. हसतोय म्हणून आणखी मारले. ओठ फाटला. आई आडवी पडली तर तिलाही ढकलले. पुलावर भाजी विकणाऱ्या एका बाईंनी त्याला ओळखले आणि ओरडून लोकांना थांबवले. पुढे पोलीस चौकीत कागद दाखवल्यावर ती मुलगीच रडायला लागली. म्हणाली, "मला कुठे माहीत होतं?"

आम्ही त्या मुलीला दोष देत नाही. ती घाबरली, ओरडली, हे तिने बरोबर केले. आपल्या मुलींनीही असेच ओरडावे. चौकशी न करता हात उचलणारा जमाव दोषी आहेच. पण त्या रात्री मुलाच्या ओठावर बर्फ धरून बसलो तेव्हा आम्ही स्वतःला विचारले, त्याला पदर धरायला शिकवले कोणी? दहा वर्षे आपणच हसून शिकवले. मूल पाच वर्षांचे असताना जे गोड वाटते, ते पंधराव्या वर्षी गुन्हा ठरते. इतर मुलांना हा फरक आपोआप कळतो, कारण ती जगाच्या डोळ्यांत बघतात. याला तो कोणी सांगितल्याशिवाय कळणार नव्हता, आणि आम्ही सांगितला नाही. प्रेमापोटी आम्ही त्याला लहानच ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खिशात त्याच्या मालकीचा कापडाचा एक तुकडा ठेवला. दुसऱ्याच्या कपड्याला हात गेला की "नाही" म्हणायचे आणि त्याच्या खिशाकडे बोट करायचे. आम्ही चाळीत खोली-खोलीत जाऊन हे सांगितले. काही मावश्या म्हणाल्या, "राहू द्या हो, लेकरू आहे ते." आम्ही हात जोडून म्हटले, "मावशी, तुमच्या-आमच्या मायेचाच मार त्याला पुलावर बसला." एकाने 'नाही' म्हणायचे आणि दुसऱ्याने चालू द्यायचे, तर तो शिकणार कसा? सगळ्यांनी एकच सांगितले तेव्हा दीड वर्षात सवय सुटली. हे आमच्या एका घराला जमले नसते. ते चाळीने केले. त्याबद्दल आज सर्वांसमक्ष आभार मानतो.

आणखी काही गोष्टी वाढत्या मुलांच्या आईबापांसाठी सांगतो. लाजू नका. अंघोळीला दार लावणे, कपडे बदलताना आडोसा, शरीराच्या कोणत्या गोष्टी फक्त बंद दाराआड करायच्या, हे दहाव्या-अकराव्या वर्षापासून चित्रांनी शिकवा. मुलगी असेल तर पाळीचे आधीपासून समजावा. दुसऱ्याला हात लावायचा नाही हे शिकवताना, दुसऱ्यानेही आपल्याला हात लावायचा नाही हेही शिकवा, कारण ज्याला सांगता येत नाही त्याच्यावर हात टाकणारे हरामखोर असतात. २०१२ सालचा पोक्सो कायदा अशा मुलांसाठीही आहे.

दुसरे, मूल अचानक अंगावर यायला लागले, डोके आपटायला लागले, तर आधी दुखणे शोधा. आमचा मुलगा महिनाभर भिंतीवर डोके आपटीत होता. आम्ही वय झाले, ताकद आली, असे समजत होतो. शेवटी पाहिले तर दाढ किडली होती. याच वयात काही मुलांना फिट येऊ लागते, तेव्हा नजर एकटक लागली, अंग कडक झाले तर थेट डॉक्टर गाठा.

तिसरे, बहीण-भाऊ. सगळे म्हणतात, "तुमच्यानंतर ताई आहेच." ताईला कोणी विचारले? तिच्या लग्नाची बोलणी दोनदा भावाचे नाव निघताच थांबली. ती भावावर जीव टाकते, पण भाऊ तिला हुंड्यासारखा बांधून द्यायचा नाही, असे आम्ही उभयतांनी ठरवले आहे.

आता विहाराची गोष्ट. दर रविवारी वंदनेला तो आमच्याबरोबर येतो. सामुदायिक वंदनेचा आवाज त्याला सुरुवातीला सोसत नसे, म्हणून दाराबाहेर थांबायचा. थांबून थांबून त्याने बाहेरच्या चपला जोडीने लावायला सुरुवात केली. सगळ्या चपला एका रेषेत. एक ज्येष्ठ उपासक आमच्यावर रागावले. म्हणाले, "आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या चपलांपाशी काढल्या. बाबासाहेबांनी त्यातून उठवलं, आणि तुम्ही पोराला पुन्हा तिथेच बसवता?" ते बोलणे काळजाला लागले. आम्ही त्यांना म्हणालो, "काका, हे काम कोणी लादलं नाही, त्याला रेषा आवडते." पण घरी जाऊन विचार केला, तेव्हा त्यांचेही खरे वाटले. त्याला आवडते म्हणून आम्ही त्याला दारातच ठेवले होते. आत आणायचे कष्ट घेतले नव्हते. मग कानाला लावायचे आवाज कमी करणारे हेडफोन आणले. आधी पाच मिनिटे, मग दहा, असे करीत तो आत बसू लागला. आता सतरंजी तोच अंथरतो, ग्रंथालयाची पुस्तके क्रमाने तोच लावतो. एकही क्रमांक चुकत नाही. चपलाही लावतो, पण आता काकाही त्याच्याबरोबर लावतात.

आपणां सर्वांना चुल्लपंथकाची कथा ठाऊक असेल. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. सख्खा थोरला भाऊ महापंथक, तोही भिक्खू, त्याने सांगितले, तुला हे जमायचे नाही, तू निघून जा. तो रडत दारात उभा होता. तथागतांनी त्याला स्वच्छ कापडाचा एक तुकडा दिला आणि तो हाताने चोळीत राहायला सांगितले. कापड मळत गेले आणि त्यातून त्याला अनित्यता समजली. पुढे तो अर्हत झाला. आम्ही ही कथा लहानपणापासून ऐकली, पण अर्थ आता कळला. विद्यार्थी तोच होता. शिकवायची रीत बदलली. आणि ती बदलण्याचे काम गुरूने केले, ते शिष्यावर टाकले नाही.

आता कायद्याचे थोडे. हक्क माहीत नसेल तर तो असून नसल्यासारखा. १९९५ सालच्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला, त्यात ती आली. दिल्लीत मेरी बारुआ या आईने १९९१ पासून उभ्या केलेल्या संस्थेसारखे देशभरचे पालक त्यामागे होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार झाले, त्यांत स्वमग्नता स्पष्ट लिहिली आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आमची ती वेळ पुढच्या वर्षी आहे. पालकत्व घेऊ, पण त्याचा अर्थ त्याला विचारायचे बंद, असा होऊ देणार नाही. शर्ट कोणता घालायचा हे तो आजही बोट दाखवून सांगतो.

शेवटची काळजी बोलतो आणि थांबतो. वरळीच्या बीडीडी चाळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आज ना उद्या आपणही उंच इमारतीत जाऊ. मोठे घर, आत संडास, लिफ्ट, सगळे चांगलेच आहे, आणि ते आपल्या लढ्याचे आहे. पण १६० चौरस फुटांच्या या खोल्यांचे दार दिवसभर उघडे असते. आमचा मुलगा गॅलरीच्या टोकापर्यंत गेला तरी चौदा घरांचे डोळे त्याच्यावर असतात. तिथे दारे बंद राहतील. तो लिफ्टने चुकून दुसऱ्या मजल्यावर उतरला, तर दार उघडणाऱ्याला तो कोण हे माहीत असेल काय? आम्ही सत्तावन्न वर्षांचे. आम्ही किती दिवस पुरणार?

म्हणून विहाराकडे मागणे आहे. देणगी नको. महिन्यातून एका रविवारी एक तास अशा मुलांसाठी ठेवा. आपल्या कॉलेजातल्या मुला-मुलींपैकी चार जणांनी यावे, त्यांच्याशी खेळावे, त्यांची भाषा शिकावी. बालवाडीत कोणी मूल हाकेला बघत नसेल, बोट दाखवीत नसेल, तर महिला मंडळाने त्या आईला हलकेच सांगावे आणि तिच्याबरोबर रुग्णालयात जावे. नव्या इमारतीत जाताना कोणत्या मजल्यावर असे कोण राहते, हे सगळ्यांना ठाऊक असावे. आणि दाराआड जे बसले आहेत त्यांनी बाहेर यावे. आमच्या खोलीचे दार उघडे आहे.

बाबासाहेबांनी सांगितले शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. हे आमच्या मुलाला वगळून सांगितलेले नाही. तो त्याच्या रीतीने शिकतो आहे, वाढतो आहे. आपण सगळ्यांनी त्याच्याबरोबर वाढावे, एवढीच विनंती.

आता भाषण संपले की तो सतरंजी गुंडाळायला येईल. कृपया सर्वांनी उठून जागा करून द्यावी. आणि आज जमल्यास त्याला म्हणावे, "जय भीम, दादा." उत्तर यायला थोडा वेळ लागतो. पण थांबलात तर येते.

नमो बुद्धाय. जय भीम.